सात सिलिंडरवरचा घाट

आई अमेरिकेत यायच्या दोन महिने आधी मी चाकांवरचं एक घर विकत घेतलं आणि ते ओढायचं कशाने, याचा विचार नंतर केला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहत होतो आणि आमच्याकडे एक लहानशी जपानी गाडी होती. ऑफिसला जायला, शनिवारी किराणा आणायला ती उत्तम होती. पण तिच्यामागे वीस फुटांचा कॅम्पर जोडायचा, आणि तोही आत स्वयंपाकघर, संडास आणि चार माणसांच्या झोपण्याची सोय असलेला, म्हणजे बायकोच्या भाषेत शेळीला रेल्वेचा डबा जुंपणं होतं.

कॅम्पर घेतला तो आईसाठी. तिला अमेरिका दाखवायची होती आणि ती मोटेलात झोपणार नाही हे मला ठाऊक होतं. "या गादीवर काल कोण झोपलं होतं?" हा प्रश्न ती विचारणार आणि मॅनेजरला इंग्रजीत विचारायला मला लावणार. स्वतःचं घर मागे बांधून न्यायचं, हा माझ्या मते नामी तोडगा होता. "हं," बायको म्हणाली होती. तिच्या 'हं'चा अर्थ मला लग्नानंतर आठ वर्षांनी कळू लागला होता, पण वेळेवर कळत नसे.

तेव्हा आता ट्रक हवा होता. सगळ्यांनी सांगितलं, पिकअप घे, हेवी-ड्यूटी घे आणि डिझेल घे. इथपर्यंत एकमत होतं. कुठलं डिझेल, म्हटलं की आवाज चढायचे. आमच्या भागातले लोक पक्ष बदलायचे, चर्च बदलायचे, पण ट्रकची कंपनी बदलत नसत.

मला तीन सल्लागार मिळाले. पहिला आमचा शेजारी. जन्मभर तंबाखूची शेती करून आता निवृत्त झालेला, डोक्यावर बियाण्यांच्या कंपनीची टोपी, जी मी कधीच उतरलेली पाहिली नव्हती. त्याच्याकडे आठ सिलिंडरचं, तिन्हींतलं जरा मवाळ इंजिन होतं. "डिझेल प्यायला चिमणी आहे ही," तो म्हणायचा. दुसरा त्याचा मेव्हणा. दाट पांढऱ्या मिशा, मोठा आवाज आणि ट्रकही मोठा. आठच सिलिंडर, पण शेजाऱ्याच्या इंजिनापेक्षा जवळजवळ एक लिटरने थोराड. हे दोघं ट्रकच्या विषयावरून एकमेकांशी बोलत नसत. बाकी सगळ्या विषयांवर बोलत, पण बोलता बोलता ट्रकवर येत आणि मग बोलत नसत. तिसरा आमच्या लॅबमधल्या वर्कशॉपचा फोरमन. त्याने नुकताच बाजारात आलेला नवा ट्रक घेतला होता: फक्त सहा सिलिंडर, एका रांगेत, आणि वर टर्बो. "सहाच?" म्हणून दोन्ही मेव्हणे, आयुष्यात पहिल्यांदाच, एकत्र हसले होते.

मी लॅबमध्ये मोजमापाची उपकरणं सांभाळायचो. तिघं तीन तोंडांनी बोलायला लागल्यावर मी जे कुठलाही इंजिनियर करतो ते केलं. तक्ता आखला. डाव्या बाजूला तीन इंजिनं, वर रकाने: चढावर लागणारा वेळ, इंजिनाचं तापमान, धूर, आवाज, डिझेल. आणि ठरवलं की तिन्ही ट्रकना तोच कॅम्पर जोडून तोच घाट चढवून पाहायचा. पश्चिमेला ओल्ड फोर्टच्या पुढे हायवे एकदम डोंगरावर चढतो. सहा मैल नुसता चढ. तिथे खरं-खोटं होईल.

तिघंही इतक्या उत्साहाने तयार झाले की मला जरा भीती वाटली.

तेवढ्यात आई आली.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं गाव वर्ध्याकडचं. वडिलांनी आमच्या वस्तीत पिठाची गिरणी टाकली होती, डिझेल इंजिनावरची. गावातल्या वरच्या आळीचे लोक सुरुवातीला आमच्याकडे दळायला येत नसत. पाच मैलांवरच्या गावी दळण घेऊन जात. पुढे एका पावसाळ्यात तिकडचा रस्ता वाहून गेला आणि पीठ सगळीकडे पीठच असतं हे त्यांच्या लक्षात आलं. मी नववीत असताना वडील गेले आणि गिरणी आईने हातात घेतली. पहिलं इंजिन एका सिलिंडरचं, नंतर दोन सिलिंडरचं. वर्ध्याचा मिस्त्री बोलावला की चार दिवसांनी यायचा, म्हणून ती त्याच्याजवळ उभं राहून सगळं शिकली. माझं इंजिनियरिंगचं शिक्षण त्या इंजिनावर झालं. पण तिला त्यातलं काही कळतं, हे मी अमेरिकेत येऊन पार विसरलो होतो. माझ्या डोक्यात आई म्हणजे गुडघे दुखणारी आणि कॅम्परमध्ये झोपणारी, एवढंच राहिलं होतं.

ती आल्यापासून घरात दोन बदल झाले. एक म्हणजे एरवी मला 'अरे' म्हणणारी बायको 'अहो' म्हणायला लागली, आणि ते ऐकून दर वेळी मी मागे वळून पाहायचो. दुसरा बदल शेजाऱ्यात. पहिल्याच सकाळी आईने कुंपणापलीकडे त्याला पाहून हात जोडले आणि "जयभीम" म्हणाली. त्याने दोन बोटं टोपीला लावली आणि म्हणाला, "जे-भीम, मॅम." तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला हा कार्यक्रम चालायचा.

"हा टोपीवाला चांगला माणूस हाय," आईने निकाल दिला. मग मेव्हणा मिशीवाला झाला, आणि मोठी हत्यारांची पेटी सोबत बाळगणारा फोरमन पेटीवाला.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी आम्ही निघालो. तीन ट्रक, एकामागे कॅम्पर आणि सगळ्यात शेवटी आमची जपानी गाडी. कॅम्पर नुसता हलका पडेल म्हणून टोपीवाल्याने खताच्या पोत्यांत वाळू भरून ती आत रचली होती. साडेतीन तासांच्या प्रवासात पोती सरकून स्वयंपाकाच्या ओट्यावर रेलली आणि सिंक खाली बसलं. मी ते पाहिलं, पण बायकोला सांगायची ही वेळ नव्हती.

घाटाच्या पायथ्याशी मोठं पार्किंग होतं. तिथे आम्ही तळ ठोकला. आईला बायकोबरोबर तिथेच बसवायचा माझा बेत होता. आई म्हणाली, "मी बसते नं गाडीत. इथं बसून काय पाहू, डबे?"

पहिली फेरी टोपीवाल्याची. तो चालवणार, मध्ये मी मांडीवर तक्ता आणि हातात स्टॉपवॉच घेऊन, खिडकीशी आई. चढ लागला तशी आमची गती उतरू लागली. टोपीवाल्याने शांतपणे धोक्याचे दिवे लावले आणि आईला बाहेरची झाडं दाखवू लागला. मॅपल, ओक, पुन्हा मॅपल. मागून येणारे लाकडाचे ट्रकसुद्धा आम्हाला ओलांडून जात होते. अर्ध्यावर एक सायकलवाला दिसला. त्याला आम्ही मागे टाकलं, पण टाकायला वेळ लागला. तापमानाचा काटा मात्र जागचा हलला नाही.

"कशी आहे?" वर पोचल्यावर त्याने अभिमानाने विचारलं.

"झाडं चांगली हायत," आई म्हणाली. तेवढं मी भाषांतर केलं.

दुसरी फेरी मिशीवाल्याची. तो आधीच विजयाच्या मूडमध्ये होता. एका हाताने चालवत, दुसऱ्याने दाखवत, मेव्हण्याचा ट्रक का हरला ते तो मला समजावून सांगत होता. दोन मैल झाले. तो अजून बोलत होता, पण कमी. तिसऱ्या मैलाला त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर आले. मागे काळा धूर निघत होता. आरसा थरथरत होता आणि आरशातला कॅम्परही. चौथ्या मैलाला त्याने पेडल तळाला टेकवलं, आणि नंतर पाय दुखेपर्यंत टेकवूनच ठेवलं. आई खिडकीबाहेर पाहत नव्हती. ती मान तिरकी करून, भुवया आवळून बसली होती. मला वाटलं, तिला मळमळतंय.

वर पोचून मी स्टॉपवॉच थांबवलं. टोपीवाल्यापेक्षा मिशीवाला जेमतेम काही सेकंदांनी लवकर आला होता. एवढं थोराड इंजिन आणि एवढासा फरक! त्याने तक्त्यात वाकून आकडा पाहिला, माझ्या हातातलं स्टॉपवॉच घेऊन कानाला लावलं आणि परत दिलं.

"घड्याळ चालू आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

तिसरी फेरी पेटीवाल्याची. त्याचं इंजिन सुरू झालं तेव्हा कोणीतरी लोखंडी पिंपात दगड टाकून हलवतंय असं वाटलं. चढाला लागल्यावर वर शिट्टीसारखा टर्बोचा आवाज सुरू झाला, आणि त्यानंतर आम्ही एकमेकांशी काही बोलू शकलो नाही. मी काहीतरी विचारलं, त्याने मान डोलावली. त्याने काहीतरी विचारलं, मी मान डोलावली. पण ट्रक चढला असा, जणू मागे काही बांधलेलंच नाही. आम्ही लाकडाचे ट्रक ओलांडले. आई गाढ झोपली होती.

खाली पार्किंगमध्ये बायकोने जेवण मांडलं होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दही. पेटीवाला चटणी चमच्याने खात होता आणि डोळ्यांतून पाणी येत असताना आणखी मागत होता. टोपीवाला हरला होता, पण मेव्हणाही त्याच्याइतकाच हरला म्हणून खुशीत होता. मिशीवाला एकटा, दूर, आपल्या ट्रकच्या पुढच्या बंपरवर बसला होता. त्याने पुरीला हात लावला नाही. मोठ्या आवाजाचा माणूस गप्प बसला की फार वाईट दिसतो.

आई माझ्या कानाशी आली. "बाबू, त्या मिशीवाल्याले सांग, त्याच्या इंजिनाचं एक घर बंद हाय."

"काय?"

"आठ घरं म्हणाला होतास नं? सातच चालतात. एक नुसतं बसून हाय. मले मघाच आयकू आलं."

आधीच हरलेल्या माणसाला, त्यातून अशा माणसाला, माझी आई तुमच्या इंजिनाबद्दल असं म्हणते, हे मी जाऊन सांगू? मी आईला समजावलं की अमेरिकेतली इंजिनं वेगळी असतात.

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी नववीत गेलो. "त्यात डिझेलच टाकतात नं?"

बायकोने तोवर तोंड पुसलं, सरळ मिशीवाल्याकडे गेली आणि इंग्रजीत एका वाक्यात सांगून मोकळी झाली. तो उभा राहिला. आधी लाल झाला. मग म्हणाला, "मी घेतल्यापासून हा असाच चालतोय. याचा आवाजच असा आहे."

"पाना माग," आई मला म्हणाली. "आणि एक फडकं."

पाना म्हटल्यावर पेटीवाला चटणी सोडून उठला. त्याने पेटी उघडली. आत मखमलीवर दागिने असावेत तशी हत्यारं होती. टोपीवाल्याने एक रिकामं दुधाचं क्रेट उलटं करून ट्रकच्या बाजूला ठेवलं. मिशीवाल्याने इंजिन सुरू केलं. आईने पदर कमरेला खोचला, पायात बायकोचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते ते सावरले आणि क्रेटवर चढली. वर्ध्याचा मिस्त्री शिकवून गेला होता तीच रीत. प्रत्येक सिलिंडरला डिझेलची एक बारीक नळी जाते. इंजिन चालू असताना एका नळीचा नट जरासा सैल करायचा. ते सिलिंडर चांगलं असेल, तर त्याचं डिझेल तुटतं आणि इंजिन अडखळतं. ते आधीच बंद असेल, तर इंजिनाला काही फरक पडत नाही.

"पण आई, तुझं दोनचं होतं, हे आठचं आहे," मी म्हणालो.

"दोन काय नि आठ काय. एकेकाले विचारत जायचं."

तिने पहिल्या नटावर फडकं धरलं, पाना फिरवला. इंजिन अडखळलं. पुन्हा आवळला, इंजिन सावरलं. दुसरा. अडखळलं. तिसरा, चौथा. ती खाली उतरली, टोपीवाल्याने क्रेट पलीकडच्या बाजूला नेलं, पेटीवाला स्वच्छ फडकं घेऊन ऑपरेशनच्या खोलीतल्या नर्ससारखा शेजारी उभा राहिला. पाचवा. सहावा. सातवा. दर वेळी इंजिन अडखळत होतं आणि मिशीवाल्याच्या चेहऱ्यावर थोडा थोडा जय परत येत होता.

आठवा नट सगळ्यात मागे होता. आईचा हात पुरेना, तेव्हा ती एक गुडघा ट्रकवर टेकून आत वाकली. बॉनेटखालून फक्त हिरवं लुगडं आणि पांढरे बूट दिसत होते. फडक्यात डिझेल उडालं. इंजिन जसं चाललं होतं तसंच चालत राहिलं. काही म्हणजे काही फरक नाही.

आईने नट आवळला, खाली उतरली आणि हात पुसत म्हणाली, "हे पाहा. डिझेल फवारायचं नोझल गेलं असंल. बदलून घे म्हणा."

मिशीवाल्याने आधी आईकडे पाहिलं, मग इंजिनाकडे, मग मेव्हण्याकडे. आणि त्याच्या मिशांखाली मोठं हसू पसरलं.

"म्हणजे मी सातवर चढलो!" तो ओरडला. "सातवर! आणि तरीही तुझ्या आठांना हरवलं!"

झालं. टोपीवाला म्हणाला, काही सेकंदांना हरवणं म्हणत नाहीत. पेटीवाल्याने खिशातून पेन्सिल काढून माझ्या तक्त्यावरच सातला आठ करण्याचा हिशोब मांडला आणि सांगितलं की तरीही तो जिंकतो. मिशीवाल्याने त्याचा हिशोब मान्य केला नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा घाट, अशी मागणी झाली. मी शास्त्रीय दृष्टीने पाहता चाचणी बाद धरावी लागेल असं म्हणालो आणि तक्त्यावर आडवी रेघ मारली.

"मॅमना विचारा," टोपीवाला म्हणाला. "कुठलं इंजिन चांगलं?"

मी आईला विचारलं. ती क्रेटवर बसली, पुरी हातात घेतली आणि बोलू लागली. टोपीवाल्याचं इंजिन आळशी आहे, पण पोट लहान आहे आणि ते कधी दगा देणार नाही. पेटीवाल्याचं सगळ्यात ताकदीचं, पण फार बडबडं, दुसऱ्याला बोलू देत नाही, म्हणून आपण झोपून गेलो. मिशीवाल्याचं इंजिन एकदम चांगलं आहे, फक्त मालक बहिरा आहे.

मी वळून इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, तिन्ही छान आहेत."

"त्या दोन मिनिटं बोलल्या," पेटीवाला म्हणाला. "तू दोन सेकंद."

तेव्हा बायकोने शब्दन् शब्द भाषांतर केलं. तिला इतक्या आनंदात मी क्वचित पाहिलं आहे. मी जमिनीकडे पाहत उभा राहिलो. पण तिघांपैकी कोणीच रागावलं नाही. 'कधी दगा देणार नाही' एवढंच टोपीवाल्याने ऐकलं, 'सगळ्यात ताकदीचं' एवढंच पेटीवाल्याने. आणि मिशीवाला म्हणाला, "बहिरा आहे हे माझी बायकोही म्हणते," आणि पहिली पुरी उचलली.

चार दिवसांनी सकाळी सातला आमच्या खिडकीखाली मोठं इंजिन गुरगुरलं. मिशीवाला नवं नोझल बसवून आईला ऐकवायला आला होता. आई शाल लपेटून दारात आली, मान तिरकी करून ऐकलं आणि बोटांनी आठ दाखवले. तो खूश होऊन निघून गेला. पण ही बातमी पसरली. पुढच्या शनिवारी टोपीवाल्याच्या ओळखीचा एक माणूस ट्रॅक्टर घेऊन आला. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन पिकअप आणि एक गवत कापायचं यंत्र. यंत्राला आईने हात लावला नाही. "पेट्रोलचं मले कळत नाही," ती म्हणाली, आणि तिच्या या प्रामाणिकपणामुळे तिची कीर्ती आणखीच वाढली.

मग मिशीवाल्याने एक गोष्ट केली, जिचा उलगडा मला आजवर झालेला नाही. ट्रक आठही सिलिंडरवर झकास चालायला लागल्यावर महिन्याभरात त्याने तो विकायला काढला आणि पेटीवाल्यासारखा सहा सिलिंडरचा नवा घेतला. विचारलं तर म्हणाला, "त्या दिवशी तुझी आई त्याच्यात झोपली. माझ्यात झोपली नाही." जुना ट्रक आम्ही घेतला. तक्ता न पाहता. बायकोने चालवून पाहिला, आईने ऐकून पाहिला, आणि मी सही केली.

नाताळच्या सुट्टीत आम्ही समुद्राकडे गेलो, कारण डोंगरात बर्फ होतं. कॅम्परच्या जागेवर कॅम्पर मागे घेणं हे वेगळंच शास्त्र आहे, हे मला तिथे समजलं. मी चाक डावीकडे वळवलं की तो उजवीकडे जायचा, उजवीकडे वळवलं की एका कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलाकडे. त्या कुटुंबाने तिसऱ्या वेळी टेबल उचलून नेलं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, उतरा." आणि एका झटक्यात तिने तो आमच्या जागेच्या दोन खांबांच्या मधोमध नेऊन लावला. आईने कॅम्परमध्ये एकच रात्र काढली. सकाळी म्हणाली, "झोप लागली, पण घर हलतं बापा," आणि बाकी दिवस ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून समुद्र पाहत राहिली.

मार्चमध्ये ती परत गेली. पुढच्या वर्षी कॅम्पर आम्ही विकला, सिंक दुरुस्त करून. ट्रक मात्र राहिला. आमच्या ओळखीच्या साऱ्या मराठी घरांत पिकअप असलेले आम्ही एकटेच, ही गोष्ट लवकरच सगळ्यांना कळली. आणि ऐंशी सालानंतर आलेली मंडळी दर दीड वर्षाने घर बदलत होती. फोन यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, गावाकडचं कसं काय ते विचारलं जायचं, मग जरा थांबून, "शनिवारी काय करताय?" आम्ही तीन वर्षांत सोफे वाहिले, देव्हारे वाहिले, बुद्धाची एक मोठी संगमरवरी मूर्ती वाहिली, आणि एकदा एका डॉक्टरांचा पियानो, जो त्यांच्या घरात कोणालाच वाजवता येत नव्हता.

चालवायची बायको. मी मागे बसून पियानो धरायचो.